वेबसाइटच्या फायली आणि पत्ते: घडी सुरुवातीलाच नीट बसवा



व्हिडिओत आपण पायथनच्या फ्लास्कमध्ये ऑर्डर घेणारी छोटी वेबसाइट बनवली. सगळा कोड एकाच फायलीत होता. शिकायला ठीक आहे, पण धंदा वाढला की मीठ, हळद, साखर एकाच डब्यात भरल्यासारखं होतं.

फायली कुठे ठेवायच्या?

फ्लास्क दोन फोल्डर आपणहून शोधतो. 'टेम्प्लेट्स'मध्ये एचटीएमएलची पानं आणि 'स्टॅटिक'मध्ये लोगो, फोटो, सीएसएस. नावं इंग्रजी स्मॉल अक्षरांत, स्पेलिंग अचूक हवं. आणि हे लक्षात ठेवा: स्टॅटिकमधली फाइल, पत्ता माहीत असलेला कोणीही उघडू शकतो. ग्राहकांची यादी किंवा बिलं तिथे ठेवू नका!

राउटिंग म्हणजे काय?

कुठला पत्ता आला की कुठलं फंक्शन चालवायचं, हे ठरवणं. काम वाढलं की 'ब्लूप्रिंट' वापरा. मालाचे राउट एका फायलीत, ऑर्डरचे दुसऱ्या फायलीत. मग मुख्य फायलीत दोन्ही रजिस्टर करा. हे विसरलात तर कोड बरोबर असूनही पान सापडणार नाही.

पैसे कुठे बुडतात?

समजा, तुम्ही मसाल्याच्या १,००० पाकिटांवर क्यूआर कोड छापलात. दोन महिन्यांनी वेबसाइटवरचा पत्ता बदललात. आता पाकीट स्कॅन करणाऱ्याला '४०४' दिसतं. ऑर्डर गेली!

तीन सवयी लावा:

१. वेबसाइटच्या आतल्या लिंक हाताने लिहू नका, 'यूआरएल फॉर' हे फंक्शन वापरा. राउट बदलला की त्या आपोआप बदलतात. छापलेला पत्ता मात्र बदलत नाही.

२. म्हणून जुना राउट पुसू नका. तिथून नव्या पत्त्यावर रीडायरेक्ट करा. कायमचा बदल असेल तर कोड ३०१ स्वतः लिहा, कारण फ्लास्क न सांगता ३०२, म्हणजे तात्पुरता, देतो.

३. पानाच्या राउटच्या शेवटी स्लॅश ठेवा. मग ग्राहकाने स्लॅश न देता पत्ता टाकला तरी फ्लास्क त्याला बरोबर पानावर नेतो. राउटमध्ये स्लॅश नसेल आणि ग्राहकाने दिला, तर पुन्हा ४०४.

आजचं काम: पाच मुख्य पानांचे पत्ते आधी कागदावर लिहा. दोन वर्षांनीही चालतील असेच ठेवा. आणि छापायला देण्याआधी क्यूआर स्वतःच्या मोबाइलवर एकदा स्कॅन कराच!