‘सहा’ की ‘दहा’? पाठवण्याआधी ऐका

डोंबिवलीच्या फलाटावरून घरी धाडलेल्या आवाजी निरोपात उद्घोषणा आणि लोकलचा भोंगाही हमखास शिरतो. बहुतेक फोनना एकाहून अधिक माइक असतात. तोंडाजवळचा आणि भोवतालचा आवाज ताडून पाहून फोन गोंगाट कमी करतो. पंख्याच्या घरघरीसारखा सलग आवाज त्याला सहज ओळखता येतो. शेजाऱ्याचं बोलणं मात्र आपल्या बोलण्यापासून वेगळं काढणं अवघड.

त्यातही फसवतात ती व्यंजनं. स्वर जोरकस असतात. ‘स’ मात्र क्षीण आणि उच्च कंपनांचा, गोंगाटात चटकन बुडणारा. त्यामुळे ‘सहाची गाडी’ ठाण्यात वाट पाहणाऱ्याला ‘दहाची’ वाटू शकते.

व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप २०१३ मध्ये आले. पाठवण्याआधी ऐकण्याची सोय मिळायला डिसेंबर २०२१ उजाडला. माइकचं चिन्ह दाबून वर सरकवा, बोला, थांबवा, ऐका. नको असेल तर कचरापेटीवर टिचकी मारा. इतकी उपयुक्त सोय अनेकजण वापरतच नाहीत, याची मला खंत वाटते.

ऐकताना स्वतःचा आवाज पातळ, परका वाटतो. बोलताना तो आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो आणि त्या वाटेने खर्ज अधिक पोचतो. ध्वनिमुद्रणात उरतो फक्त हवेतला आवाज, म्हणजे इतरांना रोज ऐकू येतो तोच. तेवढ्यासाठी निरोप पुसू नका. वेळ, फलाट आणि स्टेशनचं नाव मात्र नीट तपासा. शंका आली तर आकडा लिहूनच पाठवा.