'सावकारी पाश' : न पाहिलेल्या चित्रपटाची थोरवी

१९२५ साली जगात दोन मूकपट तयार झाले. रशियात सर्गेई आयझेनस्टाइनचा 'बॅटलशिप पोटेमकिन' आणि कोल्हापुरात बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश'. एकात सडके, अळ्या पडलेले मांस खायला नकार देणारे खलाशी उठाव करतात. दुसऱ्यात सावकाराकडे गहाण पडलेली जमीन गमावून शेतकरी शहरात जातो आणि गिरणी कामगार होतो. पहिला चित्रपट आजही पाहता येतो. १९५८ साली ब्रुसेल्स येथे जगभरच्या समीक्षकांनी व इतिहासकारांनी त्याला सर्वश्रेष्ठ चित्रपट ठरविले. पुढच्या पिढ्यांनी पुन्हा पाहून त्याच्याशी भांडणही केले. दुसऱ्याची प्रत उपलब्ध नाही. तरी चित्रपटाचा इतिहास लिहिणारा प्रत्येकजण त्याला भारतातील वास्तववादाचा आरंभ म्हणतो. न पाहिलेल्या कलाकृतीची थोरवी एका लेखातून दुसऱ्या लेखात कशी उतरत जाते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. म्हणूनच तिची तपासणी आपण केली पाहिजे.

आधी श्रेय द्यावयाचे ते देऊ. बाबूराव कृष्णराव मेस्त्री हे सुतारकाम करणाऱ्या घरातले. चित्रकला हातानेच शिकले, म्हणून 'पेंटर'. परदेशी कॅमेरा परवडत नव्हता, तर त्यांनी स्वतः कॅमेरा घडविला. ज्या समाजात हाताने काम करणाऱ्यास 'कारागीर' म्हणून ओट्यावर थांबविले जाते, तेथे एका सुताराच्या मुलाने यंत्र आणि कला एकाच वेळी हस्तगत केली. ही गोष्ट मला त्या चित्रपटाच्या वास्तववादापेक्षा कमी महत्त्वाची वाटत नाही. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने 'सैरंध्री' (१९२०), 'सिंहगड' (१९२३) असे पौराणिक, ऐतिहासिक चित्रपट काढून नाव मिळविले होते. अशा वेळी नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून त्यांनी पडद्यावर देवाऐवजी सावकार आणला. तरुण शेतकऱ्याची भूमिका केली होती व्ही. शांताराम यांनी.

हा चित्रपट चालला नाही. इतिहासकार त्याचे कारण सांगतात की, दहाबारा वर्षे देवांचे चमत्कार पाहिलेल्या प्रेक्षकांस आपलेच दुःख पाहावयाचे नव्हते. पेंटरही पुन्हा पौराणिकांकडे वळले. जे. बी. एच. वाडिया यांनी तो मूकपट पाहिला होता व पुढे त्याची आठवण लिहून ठेवली. अंधाऱ्या प्रकाशातली उदास झोपडी आणि रडणारे कुत्रे त्यांच्या लक्षात राहिले होते. मूकपटातल्या कुत्र्याचे रडणे लक्षात राहावे, यातच दिग्दर्शकाचे सामर्थ्य आहे. १९३६ साली पेंटरांनी तीच कथा बोलपटात पुन्हा केली. नशिबाचा खेळ असा की, त्यांच्याच 'मुरलीवाला' (१९२७) या मूकपटाचा भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात उरला. कृष्ण उरला, सावकार गेला.

आता पाशाकडे वळू. सावकार हा केवळ दुष्ट माणूस नव्हे. ती एक व्यवस्था होती. इंग्रजांच्या रयतवारीत शेतसारा रोख आणि ठरल्या तारखेला भरावा लागे. खातेदाराच्या नावावरची जमीन विकता व गहाण टाकता येऊ लागली, म्हणून तिच्यावर कर्ज मिळू लागले आणि कोर्टाच्या हुकूमनाम्याने ती जाऊही लागली. १८७५ साली सुपे येथे शेतकऱ्यांनी कर्जरोखे जाळले ते याचसाठी. १८७९ चा शेतकरी कायदा त्यातून आला, आणि १८८३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. वऱ्हाडात हीच रयतवारी आली. त्यात १८६१ च्या अमेरिकन यादवीने कापसाचा भाव चढला, आगगाडी आली, अमरावती-अकोल्याच्या बाजारपेठा फुगल्या. भाव चढताना कर्ज निघाले आणि उतरताना वावर गेले. वऱ्हाडी वाचकाला या चित्रपटाची कथा समजावून सांगावी लागत नाही.

पण वर्गात ही कथा सांगितली तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, त्या वावरात निंदाले कोन जात होतं?"

समीक्षेने शंभर वर्षांत न विचारलेला हा प्रश्न आहे. जमीन गहाण टाकायला आधी जमीन हवी. अकोला जिल्ह्यात माझे आजोबा सालदार होते. पाडव्याला साल बांधायचे, उचल घ्यायची, आणि ती फिटेपर्यंत पुढचा पाडवा यायचा. त्यांच्याजवळ गहाण टाकायला स्वतःखेरीज काही नव्हते. 'सावकारी पाश'मधील शेतकऱ्याची शोकांतिका जमीन गेल्यावर पूर्ण होते. आमच्या घरची तेथून सुरू होते. हा चित्रपटावरचा आरोप नव्हे. त्यात शेतमजूर होता की नव्हता, हे प्रत पाहिल्यावाचून कोणी सांगू नये. आक्षेप आहे तो 'शेतकरी' या एका शब्दात सारे गाव बसवून त्याला संपूर्ण वास्तव म्हणणाऱ्या समीक्षेवर. बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन'चे (१९५३) कौतुकही याच वाटेने झाले.

शेवटच्या टप्प्याचेही तसेच. शेतकरी गिरणीत गेला, म्हणजे अगदी तळाला गेला, असे ही समीक्षा गृहीत धरते. त्या काळच्या मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यात सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि स्पृश्य कामगारांना त्याचा विटाळ होई. अस्पृश्यांनी सूतकताईच्या कमी मजुरीच्या खात्यात राहावे. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही मागणी पुढाऱ्यांपुढे ठेवली की, विणकाम खाते आमच्यासाठी उघडा. म्हणजे पडद्यावरचा कर्जबुडाला शेतकरी ज्या दारातून आत गेला असता, ते दार त्याच्या वावरात राबणाऱ्या मजुराला बंद होते.