पोट भरतं, अंग भरत नाही

जव्हार-मोखाड्याचं नाव मुंबईच्या वर्तमानपत्रांत येतं ते बहुतेक पावसाळ्यात. एकतर दाभोशाच्या धबधब्यासाठी, नाहीतर कुपोषणासाठी. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुलं दगावली तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, आणि दोनच वर्षांनी मोखाड्यातल्या खोच गावच्या बालमृत्यूनंतर मंत्री, अधिकारी आणि कॅमेरे पुन्हा घाट चढून आले. अशा बातमीसोबतच्या फोटोने शहरी वाचकाच्या मनात कुपोषणाचं एकच चित्र बसवलं आहे: बरगड्या मोजता येतील असं, निपचित पडलेलं मूल.

पाड्यावर त्याहून कितीतरी जास्त संख्येने दिसणारं मूल वेगळं असतं. ते हिंडतं, खेळतं आणि सारखं खायला मागतं. तरी अंगणवाडीच्या वजनकाट्यावर महिन्यामागून महिने तोच आकडा. "खातंय तर दिवसभर, पण अंगी लागत नाही," असं घरचे म्हणतात. कोणी मुलाला खादाड ठरवतं, कोणी नजर उतरवतं, तर कोणी कार्डावर शेरा मारून पुढच्या घरी जातं. त्या वाक्यात घरच्यांनी केलेलं निरीक्षण अचूक आहे. चुकतो तो त्यावरून काढलेला अर्थ.

"सारखं खातंय, म्हणजे खाणं कमी पडत नाही"

सगळ्यात खोल रुतलेला गैरसमज हाच, म्हणून त्याचा हिशेबच मांडू.

लहान मुलाच्या जठरात एका वेळी वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० ग्रॅम अन्न मावतं. आठ किलोच्या मुलाच्या पोटात मावेल ते २४० ग्रॅम, म्हणजे एक मोठी वाटी. त्या वाटीत भाताची पातळ पेज असेल तर ती बहुतांशी पाणीच असते. तिच्यातून ८० ते ९० कॅलरी मिळतात. दिवसातून तीनदा पोट तुडुंब भरलं तरी बेरीज २५०च्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे एक ते दोन वर्षांच्या मुलाला अंगावरचं दूध चालू असतानाही वरच्या खाण्यातून रोज साधारण ५५० कॅलरी लागतात. दूध तुटलं असेल तर आणखी कितीतरी जास्त.

म्हणजे पोट भरलं आणि गरज निम्मीही भागली नाही. पातळ पेज जठरातून लवकर पुढे सरकते आणि तासाभरात मूल पुन्हा मागायला लागतं. या मागण्यात हावरटपणा कसला? शरीर आपली थकबाकी मागत असतं. ती भागवायला आणखी दोन वाट्या पेज दिली तरी गणित फारसं बदलत नाही. बदलायचा असतो तो वाटीतला माल आणि दिवसातल्या वाट्यांची संख्या.

त्यासाठी दुकानातला डबा लागत नाही. चमचाभर तेलात ४० ते ४५ कॅलरी असतात. जव्हार-मोखाड्याच्या वरकस जमिनीवर खुरासणी पिकते आणि तिचं तेल पिढ्यान् पिढ्या घरात आहे. घट्ट खिचडीत ते दोन चमचे घातलं तर त्याच एका वाटीतून पेजेच्या तिप्पट ताकद मिळते. आठवडी बाजारातली सुकट भाजून, कुटून भातात कालवली की प्रथिनांची सोय झाली. उडीद घरचाच असतो. मोठ्यांच्या ताटात हे सगळं असतं. मुलाच्या वाटीत मात्र "त्याला पचणार नाही" म्हणून वरचं पाणी जातं.

नागलीबद्दल, म्हणजे नाचणीबद्दल, थोडं थांबून सांगायला हवं, कारण तिची शहरात सध्या फार स्तुती चालते. नागलीत कॅल्शियम भरपूर आहे, शंभर ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमहून जास्त. पण तिचं पीठ शिजताना इतकं फुगतं की लहान मुलाला गिळता यावं म्हणून त्यात पाणी ओतावं लागतं आणि गाडी पुन्हा पेजेवर येते. यावरचा उपाय जुना आहे: नागली भिजवायची, मोड आणायचे, वाळवून दळायची. मोड येताना दाण्यात जे विकर तयार होतं ते पिष्टाची साखळी तोडतं. असं पीठ चमचाभर गरम, घट्ट लापशीत ढवळलं की काही मिनिटांत लापशी पाणी न घालता सैल होते. वरून पुन्हा एक उकळी द्यायची. ताकद तेवढीच राहते आणि मूल ती सहज गिळतं. नाचणी सत्त्वाचं खरं महत्त्व या सैल होण्यात आहे. बाजारू डब्यावर ते कधी लिहिलेलं दिसत नाही.

बिस्किटाचा पुडा आणि चहा हा या हिशेबातला मोठा चोर. त्याने भूक मरते, आणि वर चहामुळे अन्नातलं लोह अंगात नीट शोषलं जात नाही.

"पोटात जंत आहेत, तेच सगळं खातात"

जंत असतात, याबद्दल वाद नाही. अनवाणी फिरणाऱ्या मुलाच्या तळपायातून अंकुशकृमी शिरतात, आतड्याला चिकटून रक्त पितात आणि मूल पांढरंफटक पडतं. पण जंतांमुळे भूक वाढते, ही समजूत उलटी आहे. जंत फार झाले तर पोट दुखतं, मळमळतं, खाण्यावरची वासना जाते. सतत भुकेल्या मुलाचं सगळं खापर जंतांवर फोडलं की वाटीतल्या पेजेकडे कोणी बघत नाही.

जंतनाशक गोळी जरूर द्यावी. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट हे राष्ट्रीय जंतनाशक दिन आहेत. अल्बेंडाझोल एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी गोळी, त्यापुढे पूर्ण, आणि लहानांना चुरून. मात्र गोळी दिली आणि खाणं तेच राहिलं, तर काटा हलेल अशी आशा धरू नये.

"भूक लागत नाही ना, मग कसली काळजी? हट्टी आहे नुसता"

इथे शहरातलं आणि पाड्यावरचं मत विचित्रपणे एकच असतं. कुपोषित मूल म्हणजे भुकेने रडणारं मूल, असं दोघांनाही वाटतं. प्रत्यक्षात तीव्र कुपोषणाच्या धोक्याच्या टप्प्यावर भूक मरते. शरीर एकेक काम बंद करत जातं, आतडं सुस्तावतं, जंतुसंसर्ग झाला तरी ताप चढेलच असं नाही. मूल शांत होतं. घरचे म्हणतात, "आता त्रास देत नाही." डॉक्टरांना धास्ती वाटते ती याच शांततेची.

म्हणून सॅम, म्हणजे अतितीव्र कुपोषित, मुलाची भुकेची चाचणी घेतात. दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, किंवा उंचीच्या मानाने वजन ठरलेल्या रेषेखाली गेलं, की मूल सॅममध्ये धरतात. मग त्याला ऊर्जा-घट्ट खाऊ देऊन बघायचं. आवडीने खाल्लं आणि दुसरा आजार नसला, तर गावातल्या ग्राम बाल विकास केंद्रात, अंगणवाडी सेविका आणि आशाताईंच्या देखरेखीखाली, दिवसातून अनेक वेळा खाऊ घालून ते सुधारू शकतं. तोंड फिरवलं तर त्याला रुग्णालयात न्यायचं. म्हणजे इथे भूक लागणं ही चांगली खूण आहे.

रुग्णालयात गेल्यावर नातेवाइकांचा पुढचा गोंधळ होतो. मुलाला पहिले काही दिवस दर दोन-तीन तासांनी थोडंथोडं पातळ दूधच का देतात? लोहाचं औषध का देत नाहीत? अंडी-मटण घालून मूल एकदम का उभं करत नाहीत? कारण उपाशी शरीरावर एकदम अन्नाचा मारा केला तर रक्तातले क्षार कोसळतात आणि हृदय बंद पडू शकतं. लोहही आधी दिलं तर संसर्ग बळावण्याचा धोका असतो. अंगावर सूज असलेल्या मुलाचं वजन तर पहिल्या आठवड्यात उतरतं. आई घाबरून घरी निघते, पण ते सूज ओसरल्याचं लक्षण असतं. हे भरती करतानाच समजावलं, तर अर्ध्यात उठून जाणाऱ्या आया कमी होतील, असं माझं ठाम मत आहे.

नंतर एक दिवस भूक परत येते, आणि अशी येते की घरचे चकित होतात. सावरणारं मूल आपल्या वयाच्या मानाने प्रचंड खातं. दर किलोमागे दिवसाला दहा ग्रॅमहून जास्त वजन वाढलं तर डॉक्टर खूश असतात. सहा किलोच्या मुलात ते रोज साठ ग्रॅम होतात. हे वाढीचं कर्ज फेडणं चालू असतं. या काळात "पोट बिघडेल" म्हणून हात आखडायचा नाही.

"आमची पोरं मुळातच बारीक"

वारली, कोकणा, कातकरी, ठाकर, महादेव कोळी मुलं जन्मतःच लहान चणीची असतात आणि काटा शहरी मुलांच्या मापाने लावलेला आहे, असं सुशिक्षित माणसंही सांगतात. अंगणवाडीतला वाढीचा तक्ता २००६ सालचा, जागतिक आरोग्य संघटनेचा आहे. त्यासाठी १९९७ ते २००३ या काळात सहा देशांतली मुलं मोजली गेली: ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत. आपल्याकडची मुलं दिल्लीतली होती. पुरेसं खाणं, अंगावरचं दूध आणि आरोग्यसेवा मिळाली, तर पाच वर्षांपर्यंत या सहाही ठिकाणची मुलं जवळपास सारखीच वाढली. वर्षाच्या मुलाचं मधलं वजन तक्त्यात ९.६ किलो आहे, मुलीचं ८.९.

चण लहान दिसते त्याची सुरुवात आईच्या पोटात होते. लवकर लग्न, रक्त कमी, गरोदरपणातही डोक्यावर हंडा आणि पाठीवर लाकूड, मग अडीच किलोच्या आतलं बाळ. २०१५ मध्ये सुरू झालेली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना याच टोकाला हात घालते: आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण. पुढे त्यात सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आठवड्यातून चार दिवस अंडं आलं. एका अंड्यात सुमारे ७० कॅलरी आणि सहा ग्रॅम प्रथिनं असतात. सोलताच कळतं की त्यात कोणी पाणी घातलेलं नाही.

"सगळं कुपोषणच"

आता उलट बाजूची चूक. या दोन तालुक्यांतलं बारीक मूल दिसलं की डोळे मिटून कुपोषणाचा शिक्का बसतो आणि तपासणी तिथेच थांबते. मूल खूप खातं, खूप पाणी पितं, सारखी लघवी करतं, अंथरूण ओलं करायला लागलंय आणि वजन उतरतंय, असं असेल तर त्याच दिवशी रक्तातली साखर बघायला हवी. लहान मुलांमधला मधुमेह विरळा असतो, पण इन्सुलिनवाचून जीव घेतो. घरात कोणाचा खोकला हटत नसेल तर मुलाचा क्षय तपासावा. महिनोन् महिने पातळ, तेलकट जुलाब असतील तर आतड्याचे आजार बघावेत. रक्तक्षय सारखा उलटत असेल तर सिकलसेलची चाचणी करावी. ठरवून दिलेलं खाणं नियमित पोटात जाऊनही दोन-तीन आठवड्यांत वजन हललं नाही, तर जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयासारख्या ठिकाणी बालरोगतज्ज्ञांना दाखवायला उशीर करू नये. भगताकडे जायचं असेल तर जावं, त्यासाठी भांडण करून उपयोग होत नाही. फक्त दवाखान्याची वाट आधी धरावी.

आणि जुलाब लागले की खाणं बंद करण्याची पद्धत सोडावी. ओआरएस, १४ दिवस झिंकच्या गोळ्या, अंगावरचं दूध चालू आणि आजार उतरल्यावर दोन आठवडे रोज एक खाणं जास्त. दर जुलाबामागे गेलेलं वजन असं भरून निघालं नाही, तर पावसाळा संपेपर्यंत मूल एक पायरी खाली उतरलेलं असतं.

"आईला कळत नाही"

हा गैरसमज बैठकांमध्ये, पंख्याखाली बोलला जातो. दीड वर्षाच्या मुलाला दिवसातून पाच वेळा घट्ट, ताजं अन्न भरवा, असं सांगणं सोपं आहे. आवणीच्या दिवसांत आई उजाडताच शेतावर जाते. घरातलं धान्य नेमकं त्याच महिन्यांत तळाला लागलेलं असतं आणि ताप-जुलाबही तेव्हाच. लहानग्याला भरवणारी असते सात-आठ वर्षांची बहीण, तिच्या हाताशी सकाळची पेज. उन्हाळ्यात पाण्याला टँकर. मुंबईला पाणी पुरवणारं मध्य वैतरणा धरण मोखाड्याच्याच हद्दीत आहे, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही. दिवाळीनंतर कुटुंब भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जगायला जातं, ते होळीला किंवा थेट पावसाच्या तोंडावर परत येतं. या महिन्यांत अंगणवाडीतलं अंडं पाड्यावर आणि मूल भट्टीवर.

रुग्णालयात मुलाबरोबर चौदा दिवस राहायचं तर रोजगार बुडतो. त्यासाठी बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे, ती भरती होतानाच मागावी. स्थलांतर करताना माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावं, कारण ज्या गावाच्या हद्दीत भट्टी आहे तिथल्या अंगणवाडीतही मुलाची नोंद होऊन आहार मिळू शकतो. भट्टीवर रात्री शिजवलेल्या भातातला मुलाचा वाटा आधी काढून, त्यात तेल आणि सुकट कालवून, झोपण्यापूर्वी एकदा जास्तीचं भरवणं एवढं तिथेही जमतं. परतल्यावर पहिल्याच आठवड्यात वजन करून घ्यावं, मूल कितीही खात असलं तरी.