किडनी बदललेल्या माणसाची डोकेदुखी

किडनी बदलून वर्ष-दोन वर्षं झालेला माणूस 'पंधरा दिवस डोकं दुखतंय' म्हणाला, की आम्ही सावध होतो. घरच्यांना ते जरा अतीच वाटतं. पित्त झालं असेल, उन्हात गेला असेल. इतरांच्या बाबतीत ते बहुधा खरंही असतं.

पण शरीराने परकी किडनी नाकारू नये म्हणून हा माणूस टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट, स्टेरॉइड अशी औषधं रोज घेतो, आणि ती प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. आता बघा, ताप, सूज, मान आखडणं ही लक्षणं बरीचशी आपली प्रतिकारशक्तीच निर्माण करते. तीच दबलेली असेल तर मेंदूच्या आवरणाला संसर्ग होऊनही ताप नाममात्र, मान मऊ. उरते फक्त रेंगाळणारी डोकेदुखी. कधी थोडा विसराळूपणा, कधी एकाचे दोन दिसणं. टॅक्रोलिमसनेही डोकं दुखतं, हात कापतात. आपल्याकडे टीबीचा मेंदूज्वरही असतो. म्हणून नुसत्या अंदाजावर भागत नाही.

क्रिप्टोकॉकस ही बुरशी यातलं नेहमीचं उदाहरण. ती मातीत आणि विशेषतः कबुतरांच्या विष्ठेत सापडते. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून फुफ्फुसात जाते, तिथून बुरशी रक्तावाटे मेंदूत. धडधाकट माणसाला बहुधा पत्ताही लागत नाही. मुंबई-पुण्यात खिडकीच्या छज्ज्यावर कबुतरं असतातच. ती जागा साफ करायचं काम तरी या माणसाकडे देऊ नका. (कबुतरांना दाणे टाकावेत की नाही, हा वाद आज नको!)

निदानासाठी पाठीतून पाणी काढावं लागतं, आणि इथेच घरचे अडतात. 'माणूस अधू होतो' म्हणतात. अहो, सुई टोचतात त्या जागेच्या वरच मज्जारज्जू संपलेला असतो. गरज वाटली तर आधी स्कॅनही करतो. त्या पाण्यात बुरशीचा अँटिजेन तपासतात. काळ्या शाईत थेंब मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर बुरशीभोवती स्वच्छ कडं दिसतं. पाण्याचा दाबही मोजतात. तो फार वाढला असेल तर पाणी काढणं हाच उपचाराचा भाग, प्रसंगी रोज.

औषधांची खरी कसरत पुढे. अँफोटेरिसिन बुरशी मारतं, पण किडनीलाच बाधतं. म्हणून त्याचा महागडा लिपोसोमल प्रकार वापरायचा, शक्य तर फ्लुसायटोसिनसोबत, निदान दोन आठवडे. मग कित्येक महिने फ्लुकोनॅझोल. ते टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढवतं, म्हणून तीही मोजत राहायची.

'मग किडनीच्या गोळ्याच बंद करू' असं काही जण परस्पर ठरवतात. तसं केलं तर आईने दिलेली किडनी जाऊ शकते, शिवाय एकदम जागी झालेली प्रतिकारशक्ती मेंदूत सूज आणते. गोळ्या कमी करायच्या, पण टप्प्याटप्प्याने, किडनीच्या डॉक्टरांना विचारूनच. रात्री-अपरात्री दुसऱ्या दवाखान्यात जायची वेळ आली, तर पहिलं वाक्य 'डोकं दुखतंय' नको. 'किडनी बदललेली आहे' हे असू द्या, आणि गोळ्यांची चिठ्ठी खिशात.