गाडी तापते? आधी 'कधी तापते' ते सांगा

आपण नेहमी सॉफ्टवेअरमधले दोष शोधतो. आज आमच्या घरची जुनी डिझेल पिकअप.

झालं असं, की आमचं गाव मालेगाव तालुक्यात, वाशिम जिल्हा. सोयाबीनच्या हंगामात बाबा अकोल्याला माल नेतात आणि येताना सिमेंट, ढेप असं भाडं भरून आणतात. जाताना गाडी एकदम ठीक. येताना पातूरचा घाट चढायला लागली की काटा लाल पट्ट्यात! बाबांचा उपाय ठरलेला, "पाणी टाक अन् चाल." तिसऱ्या खेपेला मेकॅनिक म्हणाला, हेड गॅस्केट गेलं, इंजिन खोलावं लागेल. म्हणजे हंगामाची कमाई त्यातच गेली असती.

मी पुण्याहून घरी आलो. मला गाडीतलं फार कळत नाही. पण एक सवय आहे: दोष नेमका कधी दिसतो ते लिहिल्याशिवाय काही खोलायचं नाही. जाणकारांना विचारून जी यादी झाली, ती अशी.

एक. बाजार समितीच्या रांगेत उभी असताना तापते, पळाली की काटा उतरतो? पंखा बघा. पट्टा सैल असेल किंवा पंख्याचा क्लच गेला असेल. पळताना समोरून वारा मिळतो, म्हणून दोष झाकला जातो.

दोन. एरवी ठीक, पण माल भरून चढावर तापते? रेडिएटर बघा. इंजिन जेवढी उष्णता तयार करतं, तेवढी तो बाहेर टाकू शकत नाही.

तीन. सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापते, वरचा होज पाईप चटका देतो आणि खालचा थंडच? थर्मोस्टॅट अडकला असेल.

चार. पाणी रोज कमी होतं, पण खाली थेंब नाही? आता हेड गॅस्केटचा संशय घ्या. सोबत ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं का, थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात का, तेही बघा.

आमची गाडी क्रमांक दोनवाली. सकाळी थंड असताना तपासलं: ऑइल स्वच्छ, बुडबुडे नाहीत. मग रेडिएटरच्या मागून टॉर्च मारला, तर उजेड पुढे येईचना! जाळीत सोयाबीनचं कुटार आणि धूळ गच्च बसलेली. आत बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार. आणि झाकणाचं रबर तडकलेलं.

हे झाकण म्हणजे कुकरचंच गणित. साधं पाणी 100 अंशांच्या आसपास उकळतं. दाबाखाली ते 120 च्या जवळ जाईपर्यंत उकळत नाही. झाकण दाब धरत नसेल तर पाणी लवकर उकळून बाहेर जातं. म्हणूनच गरम गाडीचं झाकण कधीही उघडू नका. वाफेचा फवारा थेट तोंडावर येतो. गाडी बंद करा, निदान अर्धा-पाऊण तास थांबा.

आम्ही जाळी इंजिनच्या बाजूने हलक्या पाण्याने धुतली, आतून फ्लश केलं, झाकण बदललं, बोअरच्या पाण्याऐवजी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं. इंजिन खोलण्याच्या तुलनेत खर्च किरकोळ. पुढच्या खेपेला मी बाबांच्या शेजारी बसलो. घाट संपेपर्यंत काटा मध्यावरच.

एक कबुली देतो. सगळं एकदम बदलल्यामुळे खरा दोषी कोण, जाळी, क्षार की झाकण, ते मला सांगता येणार नाही. ऑफिसमध्ये असं केलं असतं तर शिव्या खाल्ल्या असत्या!

जाता जाता एक. पाणी फारच कमी झालं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं थंड दाखवू शकतो. तापलेल्या गाडीचा काटा अचानक खाली आला तर खूश होऊ नका, गाडी बाजूला घ्या.

आता बाबा दर रविवारी जाळीवर टॉर्च मारतात. भेटू पुढच्या भागात!