लावलेले दार आणि शेजारी

मत्तयाच्या शुभवर्तमानात दोन आज्ञा आहेत. प्रार्थना करावयाची तर आपल्या खोलीत जावे व दार लावून घ्यावे, ही एक. आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, ही दुसरी. दोन्ही एकाच गुरूच्या. परंतु जळगाव-धुळ्याकडे दोन खोल्यांत संसार करणाऱ्या ख्रिस्ती शिक्षकाला किंवा कारकुनाला त्या एकाच वेळी पाळणे सोपे नाही. खानदेशातल्या गल्लीत उन्हाळ्यात कुरडया-पापड एकीच्या अंगणात होतात आणि हात चौघींचे लागतात. तेथे भरदिवसा लावलेल्या दाराचा अर्थ आजार, भांडण किंवा आढ्यता असाच निघतो. त्यातून घर अल्पसंख्य समाजाचे असले, तर ‘ही माणसे आपल्यात मिसळत नाहीत’ हा शेरा ठरलेलाच.

मग दार सताड उघडे ठेवावे काय? त्याच शुभवर्तमानातील चौदावा अध्याय ह्या दृष्टीने मननीय आहे. योहानाच्या वधाची वार्ता ऐकून येशू होडीत बसून एकान्तस्थळी गेला. लोकांनी तेथेही त्याला गाठले. त्याला त्यांचा कळवळा आला. त्याने रोगी बरे केले, पाच हजारांना जेवू घातले. प्रवचनातून बहुधा कथा येथेच संपते. पण त्यानंतर त्याने लोकसमुदायाला निरोप दिला आणि तो एकटाच डोंगरावर गेला. गरजवंतासाठी एकान्त मोडला, तरी तो सोडून दिला नाही. मोडलेला एकान्त त्याने त्याच रात्री पुन्हा मिळविला.

एकान्ताची मिळकत शेजाऱ्याच्या कामी कशी येते, हे धुळ्याने पाहिले आहे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. वर्षानुवर्षांचे एकट्याचे चिंतन सहबंद्यांच्या हाती पडले. पुढे ‘ख्रिस्त-धर्म-सार’ सिद्ध करणारेही हेच विनोबा.

मराठी ख्रिस्ती समाजात मात्र ह्या प्रश्नाची सगळी गुंतागुंत एका घरात पाहावयास मिळते. ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. 1895 साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंची व त्यांची पाच वर्षे ताटातूट झाली. हा एकान्त लक्ष्मीबाईंनी मागितलेला नव्हता. पुढे अहमदनगरला हेच घर माणसांनी भरून गेले. 1907 साली जळगावला कविसंमेलन भरले; तेथे ‘बालकवी’ म्हणून नावाजलेला धरणगावचा त्र्यंबक ठोंबरे टिळकांच्या घरी मुलासारखा राहिला. ब्राह्मण मुलाने ख्रिस्ती घरी राहावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हे. निसर्गातील एकान्ताचा हा मोठा कवी माणसांनी गजबजलेल्या त्या घरात रमला. 5 मे 1918 रोजी जळगावजवळ भादली येथे रेल्वेखाली त्याचा अंत झाला. 1917 मध्ये तर टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ आरंभिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती.

टिळकांचे औदार्य थोरच. पण ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आणखी काही ध्यानात येते. लहर लागली की घराबाहेर पडणारे टिळक आणि वाटेत भेटलेल्याला घरी आणणारे टिळक एकच. त्यांच्या एकान्ताचा आणि पाहुणचाराचाही भार पडला लक्ष्मीबाईंवर. पीठ संपले आहे की आहे, हे पाहण्याचे काम त्यांचे. तो त्यांनी विनोदाने वाहिला, हे त्यांचे मोठेपण. तेवढ्याने भार हलका ठरत नाही. एकान्त आणि शेजारधर्म ह्यांची चर्चा करणारे बहुतेक पुरुष ह्या तिसऱ्या व्यक्तीला हिशेबात धरीतच नाहीत.

शेजाऱ्याची समजूत घालणे त्या मानाने सोपे आहे. पहाटे अर्धा तास प्रार्थनेचा, एवढे सांगितले की गल्लीला ते कळते. पूजा आणि नमाज जिला ठाऊक आहेत, तिला प्रार्थना परकी नाही. रात्री-अपरात्री दवाखान्यासाठी कडी वाजली, तर उठावेच लागेल; पण केवळ गप्पांसाठी आलेल्याला ‘थोड्या वेळाने या’ म्हणण्यात प्रीतीचा भंग नाही. अवघड आहे ते घरातले. नळाला पाणी येण्याची वेळ आणि प्रार्थनेची वेळ एकच आली, तर हंडा कोणी भरावयाचा आणि दार कोणासाठी लावावयाचे, हे नवरा-बायकोने आधी ठरवावे लागेल.