झडप कशाची बसवणार?

हृदयाची झडप बदलावी लागेल असे डॉक्टरांनी सांगितले, की कुटुंबाचे प्रश्न ठरलेले असतात : धोका किती, खर्च किती, पेढीवर पुन्हा केव्हा बसता येईल. झडप कशाची बनलेली असते, हा प्रश्न मात्र पुष्कळदा राहूनच जातो. जैन कुटुंबाने तो आधी विचारावा. कारण आज बसवल्या जाणाऱ्या झडपांपैकी मोठा वाटा प्राण्यांच्या ऊतींपासून तयार होतो. डुकराच्या महाधमनीची झडप हा एक प्रकार. गोवंशीय जनावराच्या हृदयाभोवतीचे पातळ आवरण कापून त्याच्या तीन पाकळ्या शिवणे, हा दुसरा. या प्राण्यांची हत्या झडपेसाठी होत नाही, मांसासाठी चालणाऱ्या कत्तलखान्यांतून ही सामग्री गोळा केली जाते. एवढ्याने कोणाचे समाधान होईल, कोणाचे होणार नाही.

या झडपांचा इतिहास पॅरिसमध्ये सुरू होतो. १९६५ साली ज्याँ-पॉल बिने आणि आलँ कार्पेंतिए यांनी डुकराची झडप माणसाच्या हृदयात बसवली. त्या सुरुवातीच्या झडपा फार टिकल्या नाहीत. मग कार्पेंतिए यांनी १९६८ च्या सुमारास ग्लुटाराल्डिहाइड या रसायनाचा अवलंब केला. कातडे कमावण्याच्या कामीही हेच रसायन येते. त्याने ऊतीतील तंतू एकमेकांशी घट्ट जखडले जातात आणि परकी वस्तू म्हणून शरीराकडून होणारा विरोध पुष्कळ कमी होतो. पुढे १९७१ मध्ये इंग्लंडातील लीड्स येथे मारियन आयोनेस्कू यांनी गोवंशीय हृदयावरणाची झडप वापरात आणली.

शस्त्रक्रियेचे तंत्र थोडक्यात असे. छातीचे मधले हाड उभे छेदून रक्ताभिसरण हार्ट-लंग मशीनकडे सोपवतात आणि पोटॅशियमयुक्त द्रावणाने हृदय थांबवतात. महाधमनी उघडून चुना साचलेल्या जुन्या पाकळ्या काढतात. येथे हाताची खरी कसोटी लागते, कारण चुन्याचा सुटलेला कण मेंदूपर्यंत पोहोचला तर पक्षाघात होऊ शकतो. मापकाने कड्याचे माप घेऊन त्या मापाची झडप निवडतात. ऊतीची झडप रसायनात ठेवलेली असल्याने ती सलाइनमध्ये नीट धुवावी लागते. मग कड्याभोवती टाके घालून त्यांचे दोरे झडपेच्या कापडी किनारीतून ओवतात, दोऱ्यांवरून झडप खाली सरकवतात आणि एकेक गाठ मारतात. फ्रान्समधील रूआँ येथे २००२ मध्ये आलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता, मांडीच्या रक्तवाहिनीतून झडप नेऊन बसवली. वृद्धांना ही पद्धत मोठा दिलासा ठरली आहे; परंतु तिच्यातील पाकळ्याही प्राण्याच्याच असतात, हे ध्यानात असावे.

दुसरा मार्ग यांत्रिक झडपेचा. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेली झडप ६ डिसेंबर १९९० रोजी प्रथम रुग्णाला बसवण्यात आली. कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूची चौकट, पॉलिएथिलिनची तबकडी आणि पॉलिएस्टरची किनार अशी तिची घडण आहे. प्राण्याची ऊती तिच्यात नाही. मग प्रश्न मिटला, असे वाटेल. तो मिटत नाही.

यांत्रिक झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून वॉरफेरीनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि आयएनआर ही रक्तचाचणी वेळोवेळी करावी लागते. या गोळीचा आणि आपल्या व्रतनियमांचा संबंध फार जवळचा आहे. हिरव्या पालेभाज्यांतील के जीवनसत्त्व गोळीचा परिणाम कमी करते. चातुर्मासात किंवा तिथीला हिरवी भाजी वर्ज्य केली, आयंबिल धरले, पर्युषणात अठ्ठाई केली, की आहार एकदम बदलतो. त्याच मात्रेने रक्त प्रमाणाबाहेर पातळ होऊन रक्तस्राव होऊ शकतो. चोविहार करणाऱ्यांनी गोळीची वेळ सूर्यास्तापूर्वीची ठरवून घ्यावी. तपश्चर्या करण्यापूर्वी डॉक्टरांना कळवणे अशा रुग्णाला अनिवार्यच आहे. घरातील तरुण सुनेला झडप बसवायची असेल तर वॉरफेरीनने गर्भाला अपाय होऊ शकतो, हेही आधीच बोलावे.

ऊतीच्या झडपेला बहुधा अशी जन्मभराची गोळी लागत नाही. पण ती झिजते. साधारण दहा-पंधरा वर्षांनी, तरुणांत त्याहूनही लवकर, दुसऱ्या शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. म्हणून महाधमनीच्या झडपेसाठी पन्नाशीच्या आतील रुग्णाला बहुधा यांत्रिक आणि पासष्टीपुढील रुग्णाला ऊतीची झडप सुचवली जाते. मधल्या वयात रुग्णाच्या मताला विशेष वजन असते.

झडप बदलण्यापूर्वी ती दुरुस्त होईल का, हेही जरूर विचारावे. मायट्रल झडपेची गळती अनेकदा स्वतःच्याच पाकळ्या सावरून थांबवता येते. ऱ्हुमॅटिक तापाने आकसलेली मायट्रल झडप योग्य रुग्णात फुग्याने रुंदावता येते.

तरीही पूर्ण निर्दोष मार्ग मिळेलच असे नाही. हार्ट-लंग मशीन लावताना रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपॅरिन बहुतांशी डुकराच्या आतड्यांतून काढलेले असते. झडप कोणतीही असो. करणे, करविणे आणि अनुमोदन यांचा विवेक येथे कसा लावावा, हे महाराजसाहेबांना किंवा मुनिश्रींना अवकाश असतानाच विचारावे. निर्णय रुग्णाचा असावा, नातेवाइकांच्या मतांचा नव्हे. ज्यांना अशी झडप बसलेली आहे, त्यांच्यापाशी हा विषय दोषाच्या सुरात काढणे मला निर्दयपणाचे वाटते.

निर्णय झाला की तो तोंडी ठेवू नये. संमतिपत्रावर सही करताना झडपेचा प्रकार लिहून घ्यावा, आणि निवडलेली झडप ऐनवेळी मापात बसली नाही तर दुसरी कोणती चालेल, तेही सर्जनकडे त्याच वेळी नोंदवावे.